ॲक्सेसची रिलेशनशिप्स विंडो: एका जुन्या डेटाबेसची नावं आणि जोडण्या दुरुस्त केल्यानंतरचा रिव्ह्यू

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा रिव्ह्यू म्हटलं की लोक फॉर्म कसे दिसतात, रिपोर्ट किती पटकन निघतो यावरच बोलतात, मला मात्र त्यातल्या एका कोपऱ्याबद्दल लिहायचंय जिकडे फार कमी लोक फिरकतात, म्हणजे डेटाबेस टूल्स टॅबमधलं, टेबलांमधल्या जोडण्या रेषांनी दाखवणारं रिलेशनशिप्स नावाचं बटण, आणि त्याच्यासोबत येणारा टेबल आणि फील्ड (म्हणजे कॉलम) यांच्या नावांचा प्रश्न. एका वाचनालयाचा बरीच वर्षं वापरात असलेला डेटाबेस माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. टेबलांची नावं बघा, मेंबर लिस्ट, बुक्स न्यू, इश्यू डेटा फायनल आणि टेबल१. रिलेशनशिप्स विंडो उघडली तर कोरी, एकही रेषा नाही. ज्यांनी तो बनवला त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी त्या काळी गरजेपुरतं केलं आणि त्यावर काउंटर रोज चालला, हे छोटं काम नाहीये. पण आता थकबाकीची यादी काढली की एकच सभासद तीनदा येत होता आणि तेच मला नीट करायचं होतं.

आधीच सांगून टाकतो, ही विंडो मला मनापासून आवडली आणि डेस्कटॉपवर छोट्या संस्थेचा डेटा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती वापरायलाच हवी असं माझं मत आहे. नावं आपोआप बदलून देणारी जी सोय आहे तिच्यावर मात्र अर्धाच भरवसा ठेवा. आणि कामाचा क्रम चुकवू नका, नावं आधी, मग डेटा टाइप, मग अनाथ रेकॉर्ड (म्हणजे ज्यांच्या नोंदीतला सभासद किंवा पुस्तक मूळ टेबलात नाहीच असे), आणि रेषा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण रेषा ओढण्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्याच एरर मेसेजला वैतागून विंडो बंद करतात.

ज्यांना ॲक्सेस फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हे १९९२ साली आलेलं, टेबलांमध्ये माहिती साठवायचं सॉफ्टवेअर आहे, २००७ च्या व्हर्जनपासून फाइल एसीसीडीबी फॉरमॅटमध्ये असते, त्याआधी एमडीबी होती, आणि एका फाइलची मर्यादा २ जीबी. वाचनालयासारख्या कामाला ती भरपूर झाली. फक्त विंडोजवर चालतं, मॅकसाठी ॲक्सेस नाही.

आता नावं. ॲक्सेस टेबलाला किंवा फील्डला ६४ अक्षरांपर्यंत जवळजवळ कसलंही नाव देऊ देतं, मधे स्पेस चालते, नेम चालतं, डेट चालतं. अडवत नाही हे सुरुवातीला सोयीचं वाटतं पण पुढे महाग पडतं. आमच्या मेंबर लिस्टमध्ये एका फील्डचं नाव होतं नेम. आता फॉर्मच्या कोडमध्ये मी डॉट नेम लिहिलं की सभासदाचं नाव येत नाही, फॉर्मचं स्वतःचं नाव येतं, कारण प्रत्येक फॉर्मला नेम नावाची प्रॉपर्टी आधीच असते. डॉटऐवजी उद्गारचिन्ह टाकलं की बरोबर सभासदाचं नाव येतं. एका चिन्हाचा फरक, एरर नाही की काही नाही, फक्त पावतीवर सभासदाच्या जागी फॉर्मचं नाव छापलं जातं. तसंच डेट, ते फंक्शनचंही नाव आहे, मग वाचताना कळत नाही की फील्डमधली तारीख म्हणायचंय की आजची. मी नेमचं मेंबरनेम केलं, डेटचं इश्यूडेट आणि रिटर्नडेट केलं, आणि ऑर्डर, ग्रुप, यूजर, व्हॅल्यू, नोट असली नावं दिसतील तिथे बदलली.

स्पेस पण काढा. स्पेस असली की क्वेरीत (म्हणजे टेबलांना विचारलेल्या प्रश्नात) प्रत्येक वेळी चौकोनी कंस लावावे लागतात, कोडमधल्या इव्हेंटच्या नावात त्याच स्पेसचा अंडरस्कोर होतो, म्हणजे एकाच वस्तूची दोन नावं डोक्यात ठेवायची. टेबलाला टीबीएल, क्वेरीला क्यूआरवाय, फॉर्मला एफआरएम असं पुढे लावायची जुनी पद्धत आहे, ती लेझिन्स्की कन्व्हेन्शन म्हणून ओळखली जाते आणि तिचं मूळ चार्ल्स सिमोनी यांच्या हंगेरियन नोटेशनमध्ये आहे. आजचे बरेच प्रोग्रॅमर ती जुनाट मानतात, पण ॲक्सेसमध्ये मी ती ठेवतो आणि त्याला कारण आहे, इथे टेबल आणि क्वेरी यांना एकच नाव देताच येत नाही. आणि कॉम्बो बॉक्सला (यादीतून निवडायच्या चौकटीला) रो सोर्स, म्हणजे ती यादी कुठून यायची ते, निवडताना टेबलं-क्वेऱ्या एकाच यादीत येतात, तिथे टीबीएलमेंबर आणि क्यूआरवायमेंबर लगेच वेगळे कळतात.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो मात्र प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड वेगळा ओळखणाऱ्या फील्डच्या नावाचा. ॲक्सेस नवीन टेबल बनवताना कीला नुसतं आयडी असं नाव देतं, प्रत्येक टेबलात आयडी. तीन टेबलं क्वेरीत जोडली की तीन आयडी, कुठला कोणाचा ते टेबलाचं नाव बघून शोधा. मी सभासदाच्या टेबलात मेंबरआयडी, लेखकाच्या टेबलात ऑथरआयडी असं केलं, आणि देवघेवीच्या टेबलात सभासदाकडे बोट दाखवणारं जे फील्ड नंतर घेतलं त्यालाही मेंबरआयडीच ठेवलं, अक्षर न् अक्षर तेच. मग क्वेरी बनवताना सारखी नावं आणि जुळणारे टाइप बघून ॲक्सेस बऱ्याचदा जॉइन, म्हणजे टेबलांची जोड, स्वतःच सुचवतं, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्या माणसाला कोणाला विचारावं लागत नाही.

फील्डची नावं देवनागरीत द्यावीत का, हा प्रश्न आपल्यापैकी खूप जणांना पडतो. डेटा देवनागरीत बिनधास्त भरा, ॲक्सेस २००० पासून युनिकोड (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) नीट साठवतं. फील्डचं नाव पण देवनागरीत देता येतं, टेबलात, क्वेरीत छान दिसतं, पण व्हीबीएचा (ॲक्सेसमध्ये कोड लिहायच्या भाषेचा) एडिटर युनिकोड दाखवत नाही, तिथे प्रश्नचिन्हांची रांग लागते. म्हणून आतलं नाव रोमन लिपीत ठेवायचं आणि फील्डच्या कॅप्शन प्रॉपर्टीत सभासदाचं नाव, परत केल्याची तारीख असं मराठी लिहायचं. त्यानंतर बनवलेल्या फॉर्मवर कॅप्शनच दिसतं. काउंटरवरच्या ताईंना मराठी दिसतं, कोडला रोमन मिळतं, दोघांचं भागतं.

आता नाव बदलल्यावर जुन्या क्वेऱ्या, फॉर्म यांचं काय? त्यासाठी ऑप्शन्समध्ये करंट डेटाबेसखाली नेम ऑटोकरेक्टचे तीन चेकबॉक्स आहेत, एक ट्रॅक करणारा, एक प्रत्यक्ष बदल करणारा, एक बदलांची नोंद ठेवणारा. पहिला चालू केला की ऑब्जेक्ट डिपेंडन्सीज पण वापरता येतं, म्हणजे मेंबर लिस्टवर कोणकोणत्या क्वेऱ्या, फॉर्म, रिपोर्ट अवलंबून आहेत ते बाजूच्या पॅनमध्ये झाडासारखं दिसतं. हे पॅन फार कामाचं आहे, नाव बदलायच्या आधी मी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. क्वेऱ्या, फॉर्म, रिपोर्टमध्ये नावं बऱ्यापैकी बदलून मिळतात. पण ही सोय व्हीबीए कोडला हात लावत नाही, कोडमध्ये अवतरणचिन्हात लिहिलेल्या एसक्यूएलला (क्वेरीच्या भाषेला) नाही, डीलुकअप या टेबलातून किंमत शोधणाऱ्या फंक्शनच्या कंसात स्ट्रिंग म्हणून लिहिलेल्या टेबलाच्या नावाला नाही, आणि एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये तर नाहीच, म्हणजे बॅकएंडमध्ये (फक्त टेबलं असलेल्या फाइलमध्ये) नाव बदललं तर फ्रंटएंडला (फॉर्म-क्वेऱ्या असलेल्या फाइलला) त्याचा पत्ता लागत नाही. कोडमध्ये फाइंड लावून पूर्ण प्रोजेक्ट शोधा, मग डीबग मेनूतून कंपाइल करा, आणि हे लक्षात असू द्या की स्ट्रिंगच्या आत राहिलेलं जुनं नाव कंपाइलमध्ये पकडलं जात नाही, ते फॉर्म प्रत्यक्ष चालवल्यावरच सापडतं. सगळं झालं की मी ऑटोकरेक्ट बंद करून टाकतो, रोजच्या वापरात त्याची गरज नाही. आणि हो, हे सगळं फाइलच्या कॉपीवर, मूळ फाइल बाजूला ठेवून, प्रत्येक टप्प्यानंतर वेगळी कॉपी.

इथपर्यंत नावं झाली. आता जे खरं दुखणं होतं तिकडे येतो.

इश्यू डेटा फायनल या देवघेवीच्या टेबलात सभासदाचं नाव आणि पुस्तकाचं नाव दोन्ही टाइप केलेलं होतं, नंबर कुठेच नाही. एकच सभासद कधी आडनाव आधी, कधी इनिशियल, कधी नावाच्या शेवटी एक स्पेस जास्त. माणसाला ते एकच दिसतं, डेटाबेसला वेगवेगळे दिसतात. मी त्या टेबलात मेंबरआयडी नावाचं नवीन नंबर फील्ड घेतलं, साइझ लाँग इंटिजर (मोठा पूर्णांक), कारण ऑटोनंबर, म्हणजे ॲक्सेस स्वतःच देतं तो नंबर, आतून लाँग इंटिजरच असतो आणि दोन्ही बाजूंचा प्रकार जुळला नाही तर चुकीचा डेटा अडवणारी पक्की रेषा जोडायला देत नाही. आणखी एक बारीक गोष्ट, नंबर फील्डच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत पुष्कळदा ० बसलेला असतो, तो पुसून टाका, नाहीतर नवीन नोंदीत ० नंबरचा सभासद शोधला जातो आणि असा सभासद नसतोच. मग आधी ट्रिम लावून नावांच्या मागच्या-पुढच्या स्पेस काढल्या, अपडेट क्वेरीने नावावर जॉइन करून जेवढे जुळले तेवढ्यांचे नंबर एका फटक्यात भरले, आणि उरलेले एकेक बघून हाताने. त्याला तीन संध्याकाळी गेल्या. याला शॉर्टकट नाही, कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्याऐवजी हे ठरवू शकत नाही की हे दोघं एकच माणूस आहेत का बापलेक आहेत.

पुस्तकाचं त्याहून वेगळं निघालं. बुक्स न्यू मध्ये एक रेकॉर्ड म्हणजे एक पुस्तक असं धरलेलं, आणि प्रती किती ते एका कॉलममध्ये ३ वगैरे. पण वाचनालय पुस्तकाचं शीर्षक देत नाही, एक विशिष्ट प्रत देतं, जिच्या पहिल्या पानावर दाखल नंबर लिहिलेला असतो. तीनपैकी कुठली प्रत कोणाकडे आहे हे त्या रचनेत कळणंच शक्य नव्हतं, कितीही रेषा ओढल्या असत्या तरी. म्हणून टेबल तोडलं, एक टीबीएलटायटल, एक टीबीएलकॉपी, आणि कॉपीची प्रायमरी की दाखल नंबरच ठेवला, ऑटोनंबर नाही, कारण तो नंबर पुस्तकावर शाईने लिहिलेला आहे आणि काउंटरवर तोच वाचतात. ऑथर१, ऑथर२, ऑथर३ असे तीन कॉलम होते, त्यांचं पण टायटलऑथर नावाचं जोडटेबल केलं, त्यात दोन्ही आयडी मिळून एक प्रायमरी की, डिझाइन व्ह्यूमध्ये कंट्रोल दाबून दोन्ही ओळी सिलेक्ट करायच्या आणि किल्लीचं बटण दाबायचं. चौथा लेखक आला तर आता कॉलम वाढवावा लागत नाही.

यानंतर रिलेशनशिप्स विंडो उघडली. एका टेबलातलं फील्ड उचलून दुसऱ्यावर सोडलं की एडिट रिलेशनशिप्सचा डायलॉग येतो, त्यात एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी हा, नसलेल्या रेकॉर्डकडे बोट दाखवू न देणारा चेकबॉक्स म्हणजे सगळा जीव आहे. तो टिक न करता ओढलेली रेषा नुसती चित्रातली रेषा, ती कुठलाही चुकीचा डेटा अडवत नाही. टिक केल्यावर रेषेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला अनंताचं चिन्ह येतं. डायलॉगच्या खाली रिलेशनशिप टाइप इनडिटर्मिनेट दिसत असेल तर थांबा, याचा अर्थ दोन्हीकडच्या कुठल्याच फील्डवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची) नाही, म्हणजे प्रायमरी की द्यायची राहिली आहे.

टिक केल्यावर डेटा नियमात बसत नाही असा मेसेज आला तर घाबरू नका, पण तो मेसेज कोणते रेकॉर्ड चुकलेत ते सांगत नाही आणि ही या विंडोची मला सगळ्यात खटकलेली उणीव. यादी हवी तर क्वेरी विझार्डमध्ये फाइंड अनमॅच्ड म्हणून आहे ते चालवायचं, देवघेवीतले असे रेकॉर्ड जे ज्या सभासदाकडे बोट दाखवतात तो सभासदच नाही. हे इतकं चांगलं विझार्ड आहे की एन्फोर्सच्या मेसेजमधूनच एका क्लिकवर उघडायला हवं होतं. आणि एक समज दूर करा, एन्फोर्स केलं म्हणजे फील्ड रिकामं ठेवता येत नाही असं नाही. रिकामं चालतं. सभासदाशिवाय देवघेव नकोच असेल तर त्या फील्डचं रिक्वायर्ड येस करावं लागतं, हे वेगळं आहे.

त्याच डायलॉगमधले कॅस्केडचे दोन चेकबॉक्स (मुख्य रेकॉर्डची की बदलली किंवा तो रेकॉर्ड काढला की जोडलेल्या रेकॉर्डमध्येही तेच करणारे) सरसकट टिक करू नका. कॅस्केड अपडेट ऑटोनंबरवर निरर्थक आहे कारण ऑटोनंबर बदलताच येत नाही, पण आमच्या दाखल नंबरसाठी ते खरंच उपयोगी पडलं, प्रत नोंदवताना नंबर चुकला आणि नंतर दुरुस्त केला तर देवघेवीत पण आपोआप दुरुस्त होतो. कॅस्केड डिलीट जोडटेबलाला ठीक, शीर्षक काढलं तर त्याच्या लेखक-जोड्या जाव्यात. पण सभासद आणि देवघेव यांच्यात कधीही नको, एक सभासद डिलीट केला की त्याने नेलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद जाईल. तिथे मी सभासदाच्या टेबलात चालू आहे का असं येस-नो फील्ड दिलं, सोडून गेलेल्यांना डिलीट करायचंच नाही.

इंडेक्सबद्दल कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही म्हणून सांगतो. एन्फोर्स केलेली प्रत्येक रेषा मागच्या मागे एक लपलेला इंडेक्स बनवते. त्यात ऑप्शन्समध्ये ऑब्जेक्ट डिझायनर्सखाली ऑटोइंडेक्सचा एक रकाना असतो, तिथे आयडी, की, कोड, नम असे शब्द आधीच लिहिलेले असतात, म्हणजे ज्या फील्डच्या नावाची सुरुवात किंवा शेवट यांनी होतो त्यावर ॲक्सेस स्वतःहून इंडेक्स लावतं. माझ्या नव्या नावांमध्ये जवळजवळ प्रत्येक परकी की (दुसऱ्या टेबलाच्या कीकडे बोट दाखवणारं फील्ड) आयडीने संपते, म्हणजे एकाच फील्डवर दोन इंडेक्स झाले. एका टेबलाला ३२ इंडेक्सची मर्यादा आहे आणि त्यात हे लपलेलेही मोजले जातात. तो रकाना रिकामा करून टाका आणि काम सुरू करायच्या आधीच करा.

विंडोचं वागणं एकदा समजून घेतलं पाहिजे. एखादं टेबल सिलेक्ट करून डिलीट दाबलं की ते फक्त चित्रातून जातं, रिलेशनशिप तशीच राहते, क्लिअर लेआउटचंही तसंच. रेषा खरोखर काढायची तर रेषेवरच क्लिक करून डिलीट दाबायचं, ती बारीक असते, नेम धरून क्लिक करावं लागतं. काही लपलंय असं वाटलं की ऑल रिलेशनशिप्स दाबा. एखादं टेबल नावापुढे अंडरस्कोर एक लागून दुसऱ्यांदा दिसलं तर ते नवीन टेबल नाही, त्याच टेबलाची दुसरी छबी आहे, कुटुंबप्रमुख सभासद आणि घरातले सभासद अशी टेबलाची स्वतःशीच जोडणी करताना ती मुद्दाम घ्यावी लागते. जुन्या डेटाबेसमध्ये लुकअप विझार्ड वापरलेलं असेल तर तुम्ही कधी न ओढलेल्या रेषाही इथे सापडतील. टेबलातले लुकअप फील्ड मी सगळे काढले, आत नंबर असतो आणि दिसतं नाव, त्यामुळे फिल्टर लावताना फसगत होते, कॉम्बो बॉक्स फॉर्मवर असावा, टेबलात नको.

फाइल फ्रंटएंड-बॅकएंड अशी तोडलेली असेल तर हे सगळं बॅकएंडच्या फाइलमध्ये करायचं. फ्रंटएंडमध्ये लिंक केलेल्या टेबलांवर रेषा ओढता येते पण एन्फोर्सचा चेकबॉक्स मंद राहतो. आणि त्या वेळी कोणाच्याही मशीनवर फाइल उघडी नको, टेबल लॉक करता येत नाही म्हणून काम अडतं. आम्ही वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी केलं.

ज्यांच्याकडे ॲक्सेस नाही त्यांनी लिब्रेऑफिस बेस बघावं, त्यातही टूल्स मेनूत रिलेशनशिप्स आहे, आणि मुख्य रेकॉर्ड गेल्यावर परकं फील्ड रिकामं करायचा पर्याय समोरच दिलाय, जो ॲक्सेसच्या डायलॉगमध्ये नाही. पण डिपेंडन्सीचं झाड, अनमॅच्डचं विझार्ड, आणि रिलेशनशिप रिपोर्ट म्हणजे हे सगळं चित्र एका कागदावर छापून देणारं बटण, या तीन गोष्टींसाठी मी ॲक्सेसकडे परत येतो. तो छापलेला कागद आता काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे.

नवीन फाइल सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी काउंटरवरून फोन आला, एक पुस्तक परत आलंय, पुन्हा द्यायचंय, दाखल नंबर टाकला तर सेव्हच होत नाही, टीबीएलकॉपी मध्ये संबंधित रेकॉर्ड हवा असा मेसेज येतोय, तुम्ही काहीतरी बिघडवलंत का? मी त्यांना पहिल्या पानावरचा नंबर पुन्हा वाचायला सांगितला, बरोबर होता. मग कपाटातलं जुनं दाखल रजिस्टर काढून बघायला सांगितलं, त्यात ती प्रत हाताने लिहिलेली होती, कॉम्प्युटरवर मात्र कोणी कधी चढवलीच नव्हती, इतकी वर्षं ती नुसतं नाव टाइप करून दिली जात होती. त्यांनी फोन चालू ठेवूनच ती प्रत नोंदवली, देवघेवीचा फॉर्म पुन्हा सेव्ह केला, झाला.